पश्चिमेची बाजू

कुंकळ्येकरांना काच हवी होती.
चारही मजले, फुटपाथपासून गच्चीपर्यंत, निळी.
मोबाइलवर कुठल्याशा वाळवंटातल्या शहराचा फोटो:
"अगदी अशी. फक्त म्हापशात."

फक्त म्हापशात.
मी मान डोलावली. पहिला हप्ता अजून यायचा होता.

दर्शनी भाग म्हणतो आपण,
म्हणजे बघणाऱ्यासाठी केलेला.
ऊन काही दर्शन घेऊन परत जात नाही.
साडेतीनला ते लॅबच्या पश्चिमेच्या भिंतीला टेकतं
आणि मावळेपर्यंत हलत नाही;
रात्री दहाला तळहात लावला तर भिंत
ताप आलेल्या पोरासारखी.
आत फ्रीजमध्ये गावाचं रक्त, नळ्या-नळ्यांतून,
फ्रीज धापा टाकतोय,
एसी ती धाप गल्लीत सोडतोय,
फुलवालीच्या अबोलीवर.

मी सगळं मोजलं. यंत्र लावलं, तक्ता केला,
सूर्य मार्चात कुठे, डिसेंबरात कुठे,
संगणकावर पिवळी वर्तुळं.
तिसऱ्या दिवशी सगुण परब म्हणाला,
"बाई, तुम्ही काढताय ते माझ्या पायाखाली आहे."

सगुण वॉचमन. दोडामार्गहून पहाटेच्या बसने यायचा.
प्लास्टिकची खुर्ची, एक पाय तारेने बांधलेला.
सावली सरकेल तशी खुर्ची सरकायची
आणि तारेचं टोक फरशीवर ओरखडा काढायचं.
बारा वर्षांचे ओरखडे.
"हा वैशाखातला. हा चतुर्थीनंतरचा.
सावली तिथेच आहे, बाई.
पण पूर्वी सावलीत बसवायचं."

मी गुडघ्यांवर बसून ओरखडे मोजले.
माझ्या वर्तुळांशी जुळले, दोन बोटांचा फरक.
त्याचं शेवटचं वाक्य
तक्त्याच्या कुठल्या रकान्यात भरायचं, ते कळलं नाही.

आणि पाऊस. जुलैत तो पडत नाही, आडवा चालून येतो,
खाऱ्या वाऱ्याला धरून,
सिलिकॉनच्या सांध्यात नख घालून बघतो.
मागच्या घरातल्या मस्कारेन्हस बाई
मे संपता संपता त्या बाजूला
झावळ्यांचे विणलेले तट उभे करतात,
दसऱ्याच्या सुमाराला काढून चुलीत घालतात.
भिंतीला इरलं.
लावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर असतं तसं:
पाठीला चिकटत नाही,
मधून वारा जातो,
पाणी मागच्या मागे उतरतं.

तेवढंच काढलं मी.
जुन्या भिंतीपासून दीड हात सोडून चिऱ्यांची जाळी,
एकेक चिरा ओरखड्यांच्या कोनात वळवलेला.
आकडे स्टेनलेसचे, साधं लोखंड इथे
तिसरा पावसाळा बघत नाही.
सालू गवंडी प्रत्येक चिऱ्याला टिचकी मारायचा,
बद्द वाजला की बाजूला फेकायचा:
"हो भिजल्यार पिठो."

कुंकळ्येकरांनी तोंड वाकडं केलं. "कुंपण वाटतंय."
विजेच्या बिलाचा अंदाज दाखवला.
तोंड सरळ झालं, अर्धं.
तळमजल्याला काच ठेवलीच त्यांनी. उत्तरेला.
चालेल.

पुढच्या मे महिन्यात चार वाजता गेले.
जाळीमागे हात घातला:
गार नाही. बसवेल इतपत.
तिथे मी जागा सोडली होती,
एक खुर्ची मावेल एवढी,
नकाशात तिला काही नाव न देता.

खुर्ची होती. तीच, तारेची.
तिच्यावर दुसरा मुलगा, मोबाइलमध्ये मान घालून.
सगुणला एजन्सीने पणजीला टाकलंय, म्हणाला, पाटोवर,
नव्या बिल्डिंगला.
"एकदम मस्त आहे, मॅडम.
सगळी काचेची."